डायनॅमिक वेब पान कसं चालतं: नव्याने शिकणाऱ्यांसाठी पायरी-पायरीने

वेब पानं बनवायला शिकणारे लोक अडतात ते बहुतेक वेळा कोडच्या व्याकरणावर नाही. कंस राहिला किंवा अर्धविराम सुटला, तर संगणक लगेच बोंब मारतो आणि वर ओळीचा आकडाही सांगतो. खरा घोळ निराळाच असतो. आपण लिहिलेली ओळ कुठल्या यंत्रावर चालणार आहे आणि केव्हा, हेच ठाऊक नसतं. मग सर्व्हरवरच्या, म्हणजे पानं पुरवणाऱ्या दूरच्या संगणकावरच्या, चुकीचा शोध ब्राउझरमध्ये सुरू होतो, ब्राउझरमधल्या कोडने थेट डेटाबेस उघडावा अशी अपेक्षा धरली जाते, आणि दिवसच्या दिवस त्यात जातात.

म्हणून हा लेख वाचताना प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारत राहा: पानाचा हा तुकडा कोणी जोडला, सर्व्हरने की ब्राउझरने, आणि केव्हा? कोडच्या ओळी मी इथे मुद्दाम दिलेल्या नाहीत. पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेच्या अधिकृत मॅन्युअलमध्ये आणि मोझिलाच्या एमडीएन या संकेतस्थळावर त्या उदाहरणांसकट मिळतात. तिथे गेल्यावर काय शोधायचं आणि का, एवढं इथून घेऊन जा.

उदाहरण म्हणून एक छोटी साइट डोळ्यांसमोर ठेवू: वाचलेल्या पुस्तकांची यादी. कोणीही यादी पाहू शकतो, लॉगिन केलेल्याला पुस्तक जोडता येतं, आणि ज्याने जोडलं त्यालाच ते काढता येतं. एवढ्याशा कामात जवळपास सगळं येऊन जातं.

हाताशी काय लागेल

- लॅपटॉप किंवा डेस्कटॉप. फोनवर पान दिसेल, पण आत काय चाललंय ते तपासायची साधनं फोनच्या ब्राउझरमध्ये नसतात.
- क्रोम किंवा फायरफॉक्स.
- कोड लिहायला साधा एडिटर: व्हीएस कोड किंवा नोटपॅड प्लस प्लस. वर्डमध्ये कोड लिहू नका. तो सरळ अवतरणचिन्हं परस्पर वळवून टाकतो आणि मग चूक डोळ्यांना दिसतच नाही.
- झॅम्प. हा मोफत संच आहे. यात अपॅची सर्व्हर, पीएचपी आणि डेटाबेस एकत्र मिळतात.
- एचटीएमएलची तोंडओळख. परिच्छेद, दुवा, तक्ता आणि फॉर्म हे चार टॅग ओळखता आले तरी चालेल.

डोमेन (साइटचं नाव) आणि होस्टिंग (साइट ठेवायला भाड्याचा सर्व्हर) यांवर आत्ताच पैसे घालू नका. शेवटच्या पायरीपर्यंत त्यांची गरज नाही.

१. पान कुठे तयार होतं ते ओळखा

पहिलं संकेतस्थळ १९९१ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी उभं केलं. त्यातली पानं म्हणजे सर्व्हरवर ठेवलेल्या फायली होत्या. ब्राउझरने फाइल मागायची आणि सर्व्हरने ती जशीच्या तशी द्यायची. आजही स्टॅटिक पान म्हणतात ते हेच. कोणीही मागा, कधीही मागा, फाइल बदलेपर्यंत उत्तर तेच.

डायनॅमिक पान मागणी आल्यावर बनतं. सर्व्हरवर तयार पान नसतं, पान बनवणारा प्रोग्रॅम असतो. कोण मागतंय, काय मागतंय, डेटाबेसात आत्ता काय आहे हे पाहून तो प्रोग्रॅम एचटीएमएल लिहितो आणि पाठवून देतो.

इथवर बहुतेकांना कळतं. गोंधळ तिसऱ्या प्रकारापासून सुरू होतो: सर्व्हरने जवळजवळ रिकामं पान पाठवायचं, सोबत जावास्क्रिप्ट द्यायची, आणि उरलेलं पान त्या जावास्क्रिप्टने ब्राउझरमध्येच बांधायचं. हेही डायनॅमिकच. मात्र इथे जुळणी तुमच्या समोरच्या यंत्रावर होते, दूरच्या सर्व्हरवर नाही. मोठ्या साइट्स दोन्ही पद्धती मिसळून वापरतात.

पत्त्याच्या शेवटी काय लिहिलंय यावरून अंदाज बांधू नका. पत्त्यात पीएचपी हा शब्द नसला तरी मागे पीएचपी असू शकतं, आणि एचटीएमएल अशा शेपटीचं पानही प्रोग्रॅमने बनवलेलं असू शकतं. पत्त्यात प्रश्नचिन्ह आणि त्यापुढे काही नावं-मूल्यं दिसली तर मागे प्रोग्रॅम असण्याची शक्यता बरीच, पण खात्री नाही.

आणखी एक. तुमच्या कामाला डायनॅमिक पान खरंच लागतं का, हे आधी ठरवा. पाच पानांची ओळख करून देणारी साइट असेल आणि मजकूर वर्षातून दोनदा बदलत असेल, तर स्टॅटिक पानंच चांगली. ती वेगाने उघडतात, त्यांना डेटाबेस लागत नाही आणि फोडण्यासारखं त्यांत फार काही नसतं. लॉगिन, शोध, साठवण, प्रत्येकाला वेगळं दिसणारं पान, यांपैकी काही हवं असेल तरच पुढे जा.

२. दुसऱ्याचं पान उघडून बघा

स्वतःचा कोड लिहिण्याआधी ही पायरी करा. यात काही बसवावं लागत नाही आणि शिकायला मात्र खूप मिळतं.

कुठलीही बातम्यांची किंवा खरेदीची साइट उघडा. आता कंट्रोल आणि यू दाबा. जे दिसतं ते सर्व्हरने पाठवलेलं मूळ एचटीएमएल. मग परत पानावर येऊन एफ १२ दाबा आणि एलिमेंट्स टॅब पाहा (फायरफॉक्समध्ये त्याचं नाव इन्स्पेक्टर). तिथे दिसतं ते या क्षणाचं पान, म्हणजे जावास्क्रिप्टने त्यात भर घातल्यानंतरचं.

या दोन दृश्यांमधला फरक हेच पहिल्या पायरीतल्या प्रश्नाचं उत्तर. पानावर दिसणारं एखादं वाक्य उचला आणि दोन्हीकडे शोधा. मूळ एचटीएमएलमध्ये सापडलं तर ते सर्व्हरकडून आलं. फक्त एलिमेंट्समध्ये सापडलं तर ते ब्राउझरमध्ये नंतर जोडलं गेलं. नवशिके दोन्ही दृश्यं एकच समजतात आणि "माझ्या फाइलमध्ये तर हे नाहीच" म्हणून चक्रावतात.

त्याच साधनात नेटवर्क नावाचा टॅब आहे. तो उघडा ठेवून पान रिफ्रेश करा. प्रत्येक ओळ म्हणजे ब्राउझरने केलेली एक मागणी: सर्वांत वर पान, खाली चित्रं, फॉन्ट, स्क्रिप्ट. वर फेच किंवा एक्सएचआर असा गाळणीचा पर्याय दिसेल, तो निवडा. उरतात त्या मागण्या जावास्क्रिप्टने पडद्यामागून केलेल्या. एखादीवर क्लिक केलंत की सर्व्हरने दिलेलं उत्तरही वाचता येतं.

शेवटचा प्रयोग: ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या साइटपुरती जावास्क्रिप्ट बंद करा आणि पान पुन्हा उघडा. काही साइट्स जवळपास तशाच राहतील, काही कोऱ्या पडतील. झाल्यावर ती पुन्हा चालू करायला विसरू नका, नाहीतर उद्या अर्धं इंटरनेट बंद पडल्यासारखं वाटेल.

३. एका क्लिकमागचा प्रवास समजून घ्या

आपल्या यादीच्या साइटवर कोणी "कादंबऱ्या दाखवा" या दुव्यावर क्लिक केलं. पुढे काय होतं?

ब्राउझर आधी साइटच्या नावावरून डीएनएसकडून, म्हणजे नावांचे पत्ते सांगणाऱ्या यंत्रणेकडून, तिचा आकड्यांतला आयपी पत्ता मिळवतो आणि त्या यंत्राशी जोडणी करतो. साध्या एचटीटीपीसाठी पोर्ट ८०, एचटीटीपीएससाठी ४४३. जोडणी झाली की तो मागणी पाठवतो. ही मागणी म्हणजे साधा मजकूर असतो: पद्धत कोणती (इथे गेट), पान कोणतं, सोबत प्रकार कादंबरी असल्याची नोंद, आणि खाली हेडर नावाच्या काही ओळी: मी कोणता ब्राउझर, मला कोणती भाषा चालेल, माझ्याकडे तुमची ही कुकी आहे (कुकी म्हणजे काय ते आठव्या पायरीत).

सर्व्हरच्या दारात अपॅची किंवा एनजिनएक्ससारखं सॉफ्टवेअर बसलेलं असतं. मागितलेली वस्तू चित्रासारखी साधी फाइल असेल तर ते परस्पर देऊन टाकतं. पीएचपीची फाइल असेल तर ती पीएचपीकडे सोपवतं. पीएचपी ती फाइल वरून खाली वाचतं. त्यातलं एचटीएमएल जसंच्या तसं पुढे सरकवतं आणि पीएचपीच्या खुणांमध्ये बंद असलेला भाग चालवतं. तो भाग डेटाबेसला विचारतो, "प्रकार कादंबरी असलेली पुस्तकं द्या." डेटाबेस ओळी देतो, पीएचपी प्रत्येक ओळीचा एचटीएमएल तुकडा करतं, आणि सगळं मिळून तयार झालेलं पान ब्राउझरकडे जातं. पीएचपीचा कोड सर्व्हरवरच राहतो. ब्राउझरला तो कधीच दिसत नाही.

उत्तरासोबत एक आकडा येतो. २०० म्हणजे ठीक. ३०१ आणि ३०२ म्हणजे दुसऱ्या पत्त्यावर जा. ४०३ म्हणजे परवानगी नाही, ४०४ म्हणजे असं काही नाही, ५०० म्हणजे सर्व्हरवरचा प्रोग्रॅम कोसळला. चारशेच्या घरातला आकडा दिसला तर आधी मागणी तपासा, पाचशेच्या घरातला असेल तर सर्व्हरकडे वळा. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मी शोधाशोध वाचते.

पान पाठवून झालं की पीएचपीचं काम संपतं. त्याने बनवलेली चल मूल्यं, उघडलेली जोडणी, सगळं पुसलं जातं. त्याच माणसाने एका सेकंदाने पुन्हा क्लिक केलं तरी सर्व्हरच्या दृष्टीने ती नवी, अनोळखी मागणी असते. "मागच्या पानावर मी मूल्य ठेवलं होतं, ते गेलं कुठे?" हा प्रश्न प्रत्येक नवशिक्याला पडतो. एचटीटीपी मुळातच काही लक्षात ठेवत नाही. त्यावरचा उपाय आठव्या पायरीत येतो.

मागणीनुसार प्रोग्रॅम चालवायची कल्पना तशी जुनी. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या एनसीएसए या केंद्राच्या सर्व्हरमधून सीजीआय ही सोय आली. तिच्यात प्रत्येक मागणीला नवा प्रोग्रॅम सुरू व्हायचा, त्यामुळे गर्दी झाली की सर्व्हर धापा टाकायचा. रासमस लेर्डोर्फ यांनी १९९४ मध्ये स्वतःच्या पानासाठी लिहिलेली छोटी साधनंही सीजीआयवरच चालायची. १९९५ मध्ये त्यांनी ती सर्वांसाठी खुली केली आणि त्यांतूनच आजचं पीएचपी वाढलं. पायथनमधलं जँगो, रूबीमधलं रेल्स, जावास्क्रिप्ट सर्व्हरवर चालवणारं नोड ही सगळी पुढची मंडळी. भाषा कुठलीही घ्या, मागणी येणं, प्रोग्रॅम चालणं, पान परत जाणं हा क्रम तोच राहतो. इथे पीएचपी घेतलंय कारण सुरुवातीला त्यात बसवाबसव कमी लागते.

४. स्वतःच्या यंत्रावर सर्व्हर उभा करा

झॅम्प बसवा, त्याचं कंट्रोल पॅनेल उघडा आणि अपॅची सुरू करा. मग ब्राउझरमध्ये पत्त्याच्या जागी लोकलहोस्ट टाका. स्वागताचं पान आलं की सर्व्हर चालू झाला. लोकलहोस्ट म्हणजे तुमचंच यंत्र, आकड्यांत १२७.०.०.१. बाहेरच्या कोणाला हा पत्ता टाकून तुमची साइट दिसणार नाही.

झॅम्पच्या फोल्डरमध्ये एचटीडॉक्स नावाचा फोल्डर असतो. त्यात स्वतःचा एक फोल्डर करा आणि सगळ्या फायली तिथेच ठेवा.

इथले सापळे नेहमीचेच आहेत:

- फाइलवर डबल-क्लिक करू नका. तसं केलं तर ती सर्व्हरला वळसा घालून थेट उघडते, आणि पीएचपी न चालता कोड तसाच दिसतो किंवा फाइल डाउनलोड होते. पान नेहमी लोकलहोस्टच्या पत्त्यावरूनच उघडायचं.
- विंडोज फाइलच्या नावाची शेपटी लपवतं. तुम्हाला वाटतं फाइल पीएचपीची आहे, प्रत्यक्षात तिच्यामागे टीएक्सटी चिकटलेलं असतं. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेन्यूमधून शेपट्या दिसू द्या.
- अपॅची सुरूच होत नसेल तर बहुधा दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने पोर्ट ८० धरून ठेवलेलं असतं. तो बंद करा, किंवा अपॅचीला ८०८० सारखं दुसरं पोर्ट द्या. मग पत्त्यात लोकलहोस्टपुढे कोलन (इंग्रजी कळफलकावरचे दोन टिंब) देऊन तो आकडाही लिहावा लागेल.
- पॅनेलवर मायएसक्यूएल लिहिलेलं असतं, आत मात्र मारियाडीबी असतो. तो मायएसक्यूएलमधूनच फुटलेला भाऊ. शिकताना फरक पडत नाही, पण त्रुटीच्या संदेशात हे नाव दिसलं तर दचकू नका.

५. पहिलं पान: दोन घड्याळं

पहिल्या पानावर नमस्कार छापण्यापेक्षा हे करा. एकाच पानावर दोन वेळा दाखवा: एक पीएचपीच्या डेट फंक्शनने छापलेली, दुसरी जावास्क्रिप्टने दर सेकंदाला बदलणारी.

पान उघडून बघत बसा. जावास्क्रिप्टचं घड्याळ चालत राहतं, पीएचपीचं थिजलेलं. पान रिफ्रेश केलं की पीएचपीची वेळ पुढे सरकते आणि पुन्हा थांबते. पीएचपी एकदाच चाललं, पान बनवलं आणि निघून गेलं. जावास्क्रिप्ट मात्र पानासोबत तुमच्या ब्राउझरमध्ये आली आणि तिथे काम करत राहिली.

आता कंट्रोल-यू करून मूळ एचटीएमएल बघा. पीएचपीच्या जागी फक्त वेळेचे आकडे आहेत, कोडचा मागमूस नाही. जावास्क्रिप्टचा कोड मात्र अख्खा दिसतोय. त्यावरून एक नियम कायमचा लक्षात ठेवा: ब्राउझरकडे जाणाऱ्या कोडमध्ये पासवर्ड, गुप्त किल्ली, किंवा "फक्त ॲडमिनला दिसेल" असं काहीही ठेवायचं नाही. लपवलेलं बटण हे लपलेलं नसतंच.

दोन घड्याळांत काही तासांचा फरक दिसला तर घाबरू नका. पीएचपी स्वतःच्या सेटिंगमधला टाइमझोन वापरतं, आणि झॅम्पसोबत येणाऱ्या सेटिंगमध्ये बहुधा बर्लिनचा असतो. पीएचपीच्या आयएनआय फाइलमध्ये तो बदला आणि अपॅची बंद करून पुन्हा सुरू करा. होस्टिंगवर गेल्यावर सर्व्हर बऱ्याचदा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असतो. म्हणून डेटाबेसात वेळ यूटीसीमध्ये साठवावी आणि दाखवताना बदलून घ्यावी.

६. डेटाबेस जोडा, आणि मराठी नीट साठवा

झॅम्पमध्ये पीएचपीमायॲडमिन असतं. त्यातून ब्राउझरमध्येच डेटाबेस बनवता येतो. आपल्याला दोन तक्ते पुरतील: एकात वापरकर्ते, दुसऱ्यात पुस्तकं. पुस्तकांच्या तक्त्यात प्रत्येक ओळीला क्रमांक, नाव, लेखक, प्रकार, आणि जोडणाऱ्या वापरकर्त्याचा क्रमांक. माणसाचं नाव दोन्हीकडे लिहू नका, क्रमांकच ठेवा. नाव उद्या बदललं तर एकाच जागी दुरुस्ती करावी लागेल.

जोडणीसाठी पीएचपीत पीडीओ ही डेटाबेसशी बोलायची सोय वापरा. इंटरनेटवरच्या जुन्या धड्यांत मायएसक्यूएल-क्वेरी नावाचं फंक्शन दिसेल. ते २०१५ च्या पीएचपी ७ मधून काढून टाकलंय. असा धडा दिसला की सरळ बंद करा, त्यातलं बाकीचंही तेवढंच शिळं असणार.

आता मराठीचा प्रश्न. साठवलेलं नाव परत वाचताना प्रश्नचिन्हांची रांग किंवा विचित्र युरोपीय अक्षरं दिसत असतील, तर तीन जागा तपासा: डेटाबेसाचा तक्ता, पीएचपी आणि डेटाबेस यांच्यातली जोडणी, आणि पानाच्या डोक्यातली कॅरेक्टर सेटची सूचना. तिन्ही ठिकाणी यूटीएफ-८ ही अक्षरं साठवायची पद्धत हवी. दोन ठिकाणी बरोबर आणि तिसऱ्या ठिकाणी चूक, तरी मजकूर बिघडतोच, आणि सर्वांत जास्त विसरली जाते ती मधली जोडणी. साध्या प्रश्नचिन्हांच्या रूपात साठवला गेलेला मजकूर परत मिळत नाही, तेव्हा खरा मजकूर भरण्याआधीच दोन-चार नावं घालून तपासणी करा.

मायएसक्यूएल आणि मारियाडीबीत यूटीएफ८ या नावाचा जुना पर्याय एका अक्षराला जास्तीत जास्त ३ बाइट देतो. देवनागरी त्यात मावते, इमोजी मावत नाही, कारण त्याला ४ लागतात. म्हणून यूटीएफ८एमबी४ निवडा. देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइट घेते, त्यामुळे "मराठी" या शब्दाची लांबी पीएचपीचं साधं स्ट्रलेन फंक्शन १५ सांगतं. एमबी-स्ट्रलेन ५ सांगतं, कारण काना आणि वेलांटी त्याला स्वतंत्र खुणा दिसतात. नाव इतक्या अक्षरांच्या आत हवं अशी अट घालताना हे ध्यानात असू द्या.

७. फॉर्म: इथे थांबून काम करा

डायनॅमिक पान बाहेरच्या माणसाचं लिखाण आत घेतं ते फॉर्ममधून. म्हणून सर्वांत जास्त काळजी इथे.

आधी पद्धत निवडा. काही शोधायचं, पाहायचं असेल तर गेट. त्यात माहिती पत्त्यात दिसते आणि दुवा कोणालाही पाठवता येतो. काही बदलायचं, जोडायचं, पुसायचं असेल तर पोस्ट. पुस्तक काढून टाकणारा साधा दुवा कधीही ठेवू नका. शोधयंत्रांचे रोबॉट पानावरचे दुवे उघडत फिरतात, आणि असा दुवा उघडा सापडला तर सगळी यादी साफ होऊ शकते.

तपासणी दोनदा करायची. ब्राउझरमधली तपासणी माणसाच्या सोयीसाठी असते, रिकामी जागा लगेच दाखवण्यापुरती. ती कोणीही बंद करू शकतो किंवा फॉर्मला वळसा घालून थेट मागणी पाठवू शकतो. खरी तपासणी सर्व्हरवर.

मग दोन जुने रोग. पहिला एसक्यूएल इंजेक्शन. वापरकर्त्याने टाइप केलेला मजकूर थेट क्वेरीच्या, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नाच्या, वाक्यात चिकटवला, तर एक अवतरणचिन्ह टाकून तो क्वेरीचा अर्थच बदलू शकतो आणि लॉगिन न करता आत येऊ शकतो किंवा सगळा तक्ता वाचू शकतो. उपाय प्रिपेअर्ड स्टेटमेंट: आधी क्वेरीचा सांगाडा द्यायचा, मूल्यं मागाहून वेगळी. मग मूल्यात काहीही असो, डेटाबेस त्याला आज्ञा समजत नाही. "माझी साइट लहान आहे, इथे कोण येणार" असं म्हणून हे टाळू नका. अशा फटी शोधत फिरणाऱ्या स्वयंचलित प्रोग्रॅमना साइट लहान की मोठी याच्याशी देणंघेणं नसतं.

दुसरा एक्सएसएस. कोणी पुस्तकाच्या नावात स्क्रिप्टचा टॅग लिहिला आणि तुम्ही ते नाव तसंच पानात छापलं, तर ती स्क्रिप्ट पुढच्या प्रत्येक वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालते. छापताना प्रत्येक मूल्य एचटीएमएल-स्पेशल-चार्स या फंक्शनमधून जाऊ द्या. साठवताना मूळ मजकूरच साठवा, सुरक्षित करायचं ते छापताना. उलट केलं की डेटाबेसात विद्रूप चिन्हं साचतात आणि मग तीच पुन्हा बदलली जातात.

शेवटचं, रिफ्रेशचं. पुस्तक जोडल्यावर त्याच मागणीतून "जोडलं" असं पान दाखवलंत, आणि वाचकाने रिफ्रेश केलं, तर ब्राउझर फॉर्म पुन्हा पाठवायचा का विचारतो. हो म्हटलं की पुस्तक दोनदा. म्हणून पोस्टचं काम झालं की ३०३ देऊन ब्राउझरला यादीच्या पानाकडे वळवा. या वळवण्यात "हेडर्स ऑलरेडी सेंट" अशी तक्रार हमखास भेटते. अर्थ असा की हेडरच्या आधीच काहीतरी छापलं गेलंय. फाइलच्या सुरुवातीची एखादी मोकळी ओळ पुरते, किंवा एडिटरने गुपचूप घातलेली बीओएम खूण. फाइल यूटीएफ-८ विदाउट बीओएम अशी साठवा.

८. माणूस ओळखा: कुकी आणि सेशन

सर्व्हरला काही आठवत नाही हे तिसऱ्या पायरीत आलं. नेटस्केपमधल्या लू माँटुली यांनी १९९४ मध्ये यावर कुकी काढली. सर्व्हर उत्तरासोबत एक छोटी चिठ्ठी देतो आणि ब्राउझर ती पुढच्या प्रत्येक मागणीसोबत परत दाखवतो.

त्या चिठ्ठीवर "हा ॲडमिन आहे" असं लिहायचं नाही, कारण ती माणसाच्या हातात आहे आणि तो खाडाखोड करू शकतो. तिच्यावर फक्त एक लांबलचक, अंदाज न येणारा क्रमांक असावा. त्या क्रमांकापुढची माहिती सर्व्हरवर राहते. यालाच सेशन म्हणतात. पीएचपीत सेशन-स्टार्ट हे काम करून देतं. लॉगिन यशस्वी झाल्यावर सेशनचा क्रमांक बदलून घ्या, म्हणजे आधीचा क्रमांक कोणाच्या हाती लागला असेल तरी उपयोगाचा राहत नाही. कुकीला एचटीटीपी-ओन्ली आणि सिक्युअर या खुणा लावा. पीएचपीत वापर नसलेल्या सेशनची मुदत मुळात १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं असते. लोक "मी आपोआप बाहेर का फेकला गेलो" म्हणतात, त्याचं मूळ बऱ्याचदा इथे.

पासवर्ड जसाच्या तसा साठवायचा नाही. पासवर्ड-हॅश फंक्शनने त्याचा हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ पासवर्ड उलगडत नाही असं रूप, साठवा आणि लॉगिनच्या वेळी पासवर्ड-व्हेरिफायने ताडून बघा. त्यासाठी एमडी५ ही जुनी हॅशची पद्धत वापरा असं सांगणारा धडाही शिळाच समजा.

आणि पुस्तक काढताना फक्त "लॉगिन आहे का" एवढंच पाहू नका. हे पुस्तक याच माणसाने जोडलेलं आहे का, हेही सर्व्हरवर विचारा. नाहीतर मागणीतला क्रमांक बदलून कोणीही दुसऱ्याचं पुस्तक उडवेल. ही चूक फार सर्रास दिसते.

९. पान न बदलता तुकडा बदला

१९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ सोबत जावास्क्रिप्टला पडद्यामागून मागणी पाठवायची सोय आली. २००५ मध्ये त्या पद्धतीला एजॅक्स हे नाव मिळालं. आज हे काम फेच नावाच्या फंक्शनने करतात. शोधाच्या चौकटीत टाइप करताच खाली यादी बदलते, ती अशीच.

आपल्या साइटवर हे सर्वांत शेवटी करा, साधा फॉर्म पूर्ण चालल्यावर. सर्व्हरवर एक वेगळी पीएचपी फाइल ठेवा. ती अख्खं पान न देता फक्त माहिती जेसन या नाव-मूल्यांच्या साध्या मजकूर स्वरूपात देईल, आणि जावास्क्रिप्ट ती घेऊन पानात बसवेल.

एफ १२ च्या साधनातल्या कन्सोल टॅबमध्ये "अनएक्सपेक्टेड टोकन" अशी तक्रार आणि सोबत लहान-पेक्षाचं चिन्ह दिसलं, तर जावास्क्रिप्टमध्ये शोधू नका. ते चिन्ह एचटीएमएलच्या पहिल्या टॅगचं आहे. म्हणजे पीएचपीने जेसनऐवजी त्रुटीचा संदेश असलेलं पान पाठवलं. नेटवर्क टॅबमध्ये ती मागणी उघडून उत्तर वाचा, खरी चूक तिथे साध्या शब्दांत लिहिलेली असते.

१०. होस्टिंगवर चढवताना

होस्टिंग घेण्याआधी ते पीएचपी चालवतं का, कोणती आवृत्ती, आणि डेटाबेस देतं का, हे विचारा. गिटहब पेजेससारख्या सेवा फक्त स्टॅटिक फायली देतात. तिथे पीएचपी चढवली तर ती चालणार नाही.

चढवल्यावर हे तपासा:

- विंडोजवर फाइलच्या नावातली लहान-मोठी इंग्रजी अक्षरं एकच धरली जातात, लिनक्सवर वेगळी. घरी चालणारं पान होस्टिंगवर ४०४ देत असेल तर पहिला संशय यावर. सगळी नावं लहान अक्षरांत ठेवा.
- झॅम्पमध्ये डेटाबेसचा वापरकर्ता रूट असतो आणि पासवर्ड रिकामा. होस्टिंगवर वेगळा वापरकर्ता, लांब पासवर्ड, आणि परवानगी फक्त त्या एका डेटाबेसापुरती.
- तो पासवर्ड असलेली फाइल सार्वजनिक फोल्डरच्या बाहेर ठेवा आणि गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) घालू नका. डेटाबेसची बॅकअप फाइलही सार्वजनिक फोल्डरमध्ये राहू देऊ नका. नाव ओळखलं की ती कोणीही उतरवून घेईल.
- एचटीटीपीएस चालू करा. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र मोफत मिळतं, आणि अनेक होस्टिंगवर ते एका बटणाने लागतं.
- चुका पानावर दाखवणं बंद करा आणि त्या लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या नोंदींच्या फाइलमध्ये, जाऊ द्या. त्रुटीच्या संदेशात फोल्डरचे मार्ग आणि क्वेरी उघड्या पडतात.

मग कोरं पान किंवा ५०० दिसलं तर थेट लॉगच्या फाइलमध्ये जा आणि सर्वांत खालची ओळ वाचा. कोणती फाइल, कितवी ओळ, सगळं तिथे असतं. लॉग कोरा असेल तर मागणी पीएचपीपर्यंत पोचलीच नाही असं समजा, आणि शोध अपॅचीच्या सेटिंगपासून सुरू करा.